पुंजारामांचा बोर्ड

माणूस जातो आणि मागे रिकामी जागा उरते, यासारखं दुसरं सत्य नाही. आमच्या कॉलनीत ही जागा दहा बाय सहा फुटांची होती, चौकातल्या दोन खांबांना तारेनं बांधलेली होती आणि तिच्यापायी मायलेकांचं बोलणं बंद झालं होतं.

गेले ते पुंजाराम, सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. बोर्ड केला त्यांच्या मुलानं, सुनीलनं. तो बंगलोरला एका अवाढव्य सॉफ्टवेअर कंपनीत आर्ट डायरेक्टर होता. म्हणजे काय, हे पुंजारामांनीच आम्हाला एकदा समजावलं होतं. "कॉम्प्युटरवर बटन असतं ना, ते कुठं ठेवायचं, केवढं ठेवायचं, हे आमचा पोरगा ठरवतो. दाबल्यावर काय होतं ते दुसरे बघतात." मग त्यांनी पगार सांगितला आणि आमच्या उरलेल्या शंका फिटल्या.

हे २००६ सालचं. तोवर नाशिकला माणूस गेला की चौकात फ्लेक्स लावायची रीत पडली होती. वर फोटो, मधे जलदान विधीचा दिवस आणि वेळ, खाली 'शोकाकुल' म्हणून नावं. नावं महत्त्वाची. फोटोतला माणूस ओळखीचाच असतो. लोक थांबतात ते आपण त्यात आहोत का बघायला. कॉलनीतल्या एकूण एक बोर्डावर पुंजाराम होते. दवाखान्यात डबा, तिरडीला बांबू, मंडपाला दोरी, सगळीकडे तेच असायचे.

सुनील नवनाथच्या फ्लेक्सच्या दुकानात बसला आणि त्यानं आपली विद्या पणाला लावली. नेहमीच्या नमुन्यातून गुलाब काढले, मेणबत्त्या काढल्या, सोनेरी चौकट काढली. शेवटी नावं काढली.

"दादा, खाली जागा राहिली," नवनाथ म्हणाला.

"राहू दे."

"मग छापायचं काय?"

"पांढरं."

"पांढरं तर न छापता पण असतं."

"नवनाथ, ती जागा म्हणजे बाबा आहेत."

नवनाथनं आदरानं मान हलवली आणि कोपऱ्यात रिवाजाप्रमाणे स्वतःचा मोबाइल नंबर टाकला.

गुरुवारी बोर्ड लागला; जलदान विधी रविवारी होता. दुसऱ्या पाळीत पुंजारामांबरोबर उभा जन्म काढलेले देवराम बोर्डाखाली बराच वेळ उभे राहिले आणि घरी भेटायला न येताच परत गेले. मागून आणखी दोघं-चौघं तसेच गेले. शुक्रवारी धोंडाबाई पाण्याच्या नळावर सुनीलच्या आईला, मंगलाबाईंना म्हणाल्या, "का गं मंगल, पुंजाला कोणीच नव्हतं का?"

मंगलाबाई घरी आल्या त्या हंडा न भरताच.

"तुझ्या कंपनीत चालत असंल हे. इथं लोक म्हणतात, आम्ही कोणाला धरलंच नाही. रविवारी कोण येईल तुझ्या बापाला पाणी द्यायला?"

"आई, जितकं कमी असतं तितकं माणसाच्या मनात—"

"कमी? अख्ख्या कॉलनीला पुरून उरलेला माणूस तू कमी केलास." त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

शनिवारी सकाळी सुनील नवनाथकडे गेला. दुसरा बोर्ड सोमवारपर्यंत होणार नव्हता. लोडशेडिंग होतं, आणि वीज असेल तेवढा वेळ मशीन एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाला लागलं होतं. निदान हा तरी उतरवावा म्हणून दोघं पक्कड घेऊन चौकात आले. चहाच्या टपरीवर देवराम बसले होते.

"उतरवतो कशाला?"

"नावं नाहीत ना, काका."

"माझ्या बापाच्या बोर्डावर पुंजा वरून दुसरा होता. त्याच्या बोर्डावर मी नको होय रे?" असं म्हणून त्यांनी नवनाथच्या खिशातला मार्कर उपसला, टपरीवरचं स्टूल ओढलं आणि फोटोखाली वाकड्या अक्षरांत लिहिलं : देवराम, दुसरी पाळी.

मग चहावाल्यानं लिहिलं. दुपारपर्यंत रांग लागली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची नावं सुनील लिहीत होता.

"मोठं काढ," धोंडाबाई म्हणाल्या. "पुंजाच्या जवळ."

"मावशी, तिथं जरा मोकळं बरं दिसतं."

"मोकळं कशाला? तो कधी मोकळा बसला होता का?"

सुनीलनं मोठं काढलं. एवढ्यात बंगलोरहून फोन आला; बटन डावीकडे की उजवीकडे, यावर तीन महिने चाललेली चर्चा अडली होती. "कुठंही ठेवा," तो म्हणाला आणि पुढच्या बाईंना त्यानं नाव विचारलं.

रविवारी मंडप पुरला नाही. लोक रस्त्यावर उभे राहिले, बुद्धवंदना रस्त्यावरून म्हटली गेली. विधी झाल्यावर मंगलाबाई चौकात गेल्या. त्यांना सावकाश वाचता येत होतं. एकेक नाव बोटानं धरत त्या शेवटपर्यंत गेल्या. काही नावं काठावर उभी लिहिली होती, ती मान वाकडी करून वाचली.

"आता त्यांचा बोर्ड वाटतो," त्या म्हणाल्या. दोन दिवसांत सुनीलशी हे पहिलं वाक्य. मग पुन्हा वर बघत त्यांनी विचारलं, "तुझं नाव कुठंय?"

सुनीलनं मार्करचं टोपण काढलं. बोर्ड वरून खालपर्यंत पाहिला, मग खालून वरपर्यंत.

जागा उरली नव्हती.