पिवळ्या लोकरीची लडी

इस्पितळाच्या कार्यालयात तिला सगळे स्टेनोबाई म्हणायचे. बावीस वर्षं हेच ऐकून अशी गत झाली होती की कोणी खऱ्या नावाने हाक मारली असती, तर कोणाला बोलावताहेत म्हणून तिनेच मागे वळून पाहिलं असतं. हात असा की विचारू नका! साहेब कितीही सुसाट सुटोत, हिची पेन्सिल त्यांच्या बरोबरीने. एकदा मोठे साहेब वाक्याच्या मध्येच शिंकले, तर हिने शिंकसुद्धा लघुलिपीत उतरवून घेतली, असं कार्यालयातले लोक अजून सांगतात. खरंखोटं त्यांचं त्यांना ठाऊक.

आणि अशा बाईला दुभाष्यांच्या परीक्षेत नापास केलं. तेही कशात? इंग्रजी ऐकण्यात! एकदा नव्हे, दोनदा.

परीक्षेच्या भानगडीत ती हौस म्हणून पडली नव्हती. साहेब लोक आता स्वतःच टाइप करायला लागले होते, आणि लघुलेखन विभाग वर्षाच्या शेवटी बंद होणार होता. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. तळघरात जुन्या केसपेपरांचे गठ्ठे लावत बसायचं, नाहीतर दुभाषी व्हायचं. डॉक्टर इंग्रजी बोलणारे, पेशंट मराठी बोलणारे, आणि मधल्या खुर्चीवर बसायला माणूस हवं होतं. परीक्षेला संधी फक्त तीन. त्यांतल्या दोन तिने घालवल्या होत्या.

तिला ती मधली खुर्ची हवी होती, आणि अगदी मनापासून हवी होती. बावीस वर्षं तिच्या कानांतून शब्द आत शिरले आणि हातातून कागदावर पडले. मध्ये कोणी आहे का, हे एकाही साहेबाने कधी विचारलं नव्हतं. हे ती कोणाजवळ बोलली नाही. पण दुसऱ्यांदा नापास झाली त्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ सोडून ती रडली, आणि नळाच्या आवाजाने घरात कोणीही फसलं नाही.

घरात होतं तरी कोण? नवरा आणि सासूबाई. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. मनाने चांगला, पण वेळ न बघता विनोद करायची खोड. "कानाला चष्मा असता तर मीच घासून दिला असता गं," असं तो म्हणाला आणि तिने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचे दोन दिवस त्याने मुकाट्याने भांडी घासली.

सासूबाई वेगळंच प्रकरण. तीस वर्षं त्यांनी पाळणाघर चालवलं होतं. वीस-वीस पोरं सांभाळलेली बाई. पलीकडच्या खोलीत मूल रडलं की इथे बसून सांगायची, हे भुकेचं, हे झोपेचं, आणि हे नुसतं नाटक आहे, जाऊ नका कोणी. इंग्रजीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

तिसऱ्या परीक्षेला तीन महिने राहिले तेव्हा ती संध्याकाळी घरी आल्या आल्या जेवणाच्या टेबलाशी बसायला लागली. फोनवर सरावाचं रेकॉर्डिंग लावायची. परीक्षेतही तसंच असतं. डॉक्टर आणि पेशंटकडच्यांचं पाच-सहा मिनिटांचं इंग्रजी बोलणं, एकदाच वाजवतात, मग परीक्षकांना ते मराठीत सांगायचं, आणि ते विचारतील त्याची उत्तरं द्यायची. कागद-पेन्सिल समोर ठेवलेली असते. ज्याला हवं त्याने टिपावं.

पहिल्या संध्याकाळी रेकॉर्डिंग संपलं तेव्हा तिची दहा पानं भरली होती. समोर सासूबाई मटार सोलत होत्या.

"झालं? काय म्हणत होता तो माणूस?"

"थांबा आई, वाचून सांगते."

"वाचून कशाला? तू इथेच बसली होतीस ना?"

ती हसली आणि पानं उलटायला लागली. सासूबाईंनी मूठभर दाणे भांड्यात टाकले.

"आणि तो एवढा चिडला कशाने?"

"चिडला? चिडला कुठे?"

"अगं, त्या डॉक्टरीणबाईंनी काहीतरी विचारलं आणि याचा आवाज चढला की! मग त्या जरा गप्प बसल्या. मग हळू बोलल्या. ऐकलं नाहीस?"

तिने सगळी पानं पाहिली. शब्द सगळे होते, एकही निसटला नव्हता. चिडल्याचं कुठेच काही नव्हतं, गप्प बसल्याचं तर नव्हतंच, कारण लघुलिपीत गप्प बसण्याला खूण नाही. समोरचा गप्प बसला की स्टेनो पेन्सिलीला टोक काढते. तिने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. आवाज खरंच चढला होता. त्या माणसाने बायकोच्या ऑपरेशनला तारीख मागितली होती, आणि डॉक्टरीण तिसऱ्यांदा तेच फॉर्मचं विचारत होती.

तिने रेकॉर्डिंग बंद केलं. दोन्ही परीक्षांमध्ये हेच झालं होतं! परीक्षकाने विचारलं होतं, "पेशंटने गोळ्या का बंद केल्या?" आणि ही पानं चाळत बसली होती, वेळ संपेपर्यंत. म्हणजे ज्या हाताचा तिला बावीस वर्षं अभिमान होता, त्याच हाताने तिला बुडवलं होतं.

"मी लिहिणारच नाही," दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं आणि पेन्सिल नवऱ्याच्या खिशात खोचली. बोलणं सोपं असतं हो. रेकॉर्डिंग सुरू झालं आणि तिचं बोट मांडीवर चालायला लागलं. तिने हात टेबलावर ठेवला, तर बोट टेबलावर चालायला लागलं. हातावर बसून पाहिलं, तर मेला अंगठा वळवळतोच आहे! बोट लिहायला लागलं की डोकं सुट्टीवर जायचं. आठ दिवस हेच. नवव्या दिवशी तिने फोन उलटा टाकला आणि म्हणाली, "जमणार नाही मला. तळघर काय वाईट आहे? थंड तरी असतं."

सासूबाई तिच्या वळवळणाऱ्या अंगठ्याकडे बघत होत्या.

दहाव्या दिवशी ती घरी आली तर टेबलावर पिवळ्या लोकरीची जाडजूड लडी.

"हात पुढे कर," सासूबाई म्हणाल्या. "गुंडा करायचाय."

"आत्ता? आई, माझी परीक्षा डोक्यावर आहे आणि तुम्हाला लोकर सुचते?"

"मला विणायचंय. खालच्या मजल्यावरची शिकवणार आहे. तू ऐक ना खुशाल, ऐकायला काय हात लागतात?"

आता सासूला किती वेळा नाही म्हणणार? ती धुसफुसत बसली, दोन्ही हात पुढे केले, आणि सासूबाईंनी लडी तिच्या मनगटांवर चढवली. फोन लावला. सासूबाई धागा ओढत होत्या, ती हात डावीकडे-उजवीकडे झुलवत होती, आणि रेकॉर्डिंगमध्ये एक म्हातारी डॉक्टरला गुडघ्याचं काहीतरी सांगत होती.

"काय म्हणतेय?"

"गुडघा दुखतो म्हणते. जिना चढवत नाही." ती थांबली. "आई, ही गुडघ्यासाठी आलेलीच नाही. तिच्या मुलीने आणलंय तिला. हिला घरी जायचंय."

आणि मग ती स्वतःच दचकली. हे तिला कोणी लिहून दिलं नव्हतं. हात लोकरीत अडकले होते, बोटाला चालायला जागा नव्हती, आणि शब्द कधी नव्हे ते डोक्यात येऊन बसले होते!

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी लडी आणि रेकॉर्डिंग. सासूबाईंचे प्रश्न म्हणजे वकील परवडला. तो खोकला खरा की उगीच? ती हसली, पण हसण्यासारखं होतं काय? डॉक्टर शेवटी भरभर का बोलायला लागला? सुरुवातीला ती वैतागायची. मग उत्तरं द्यायला लागली. महिन्याभरात तर सासूबाईंनी विचारायच्या आधीच ती सांगून मोकळी व्हायची आणि त्या तोंड वाकडं करून म्हणायच्या, "मला बोलू देशील की नाही?"

एकदा तिने लोकरीकडे नीट पाहिलं. "कुठून आणलीत ही? नुसती पिंजारलीय."

"दुकानदाराने फसवलं," सासूबाई म्हणाल्या आणि गुंडा पिशवीत टाकला.

परीक्षेच्या दिवशी तिचा नंबर सकाळीच लागला. खोली तीच. लांब टेबल, पलीकडे एक तरुण डॉक्टर आणि मुख्य परीक्षक बाई, पांढरे केस, दोरीला अडकवलेला चष्मा. याच बाईंनी तिला दोनदा घरी पाठवलं होतं. त्यांनी तिला ओळखलं, कारण आल्या आल्या त्यांनी कोऱ्या कागदांचा चांगला जाड गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. वर टोक काढलेली पेन्सिल.

पेन्सिल बघून तिच्या हाताला अशी खाज सुटली, काय सांगू! तिने कागद परत सरकवले.

"नको?" बाईंनी विचारलं.

"नको."

"नीट विचार करा. रेकॉर्डिंग एकदाच वाजेल."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि दोन्ही हात पुढे, वीतभर अंतरावर धरले. तरुण डॉक्टरने मुख्य बाईंकडे पाहिलं. बाईंनी बटण दाबलं.

एक बाई नवऱ्याबद्दल बोलत होती. नवरा महिन्यापूर्वी इस्पितळातून घरी सोडलेला, हृदयाचा पेशंट, बरोबर आलेला नाही. डॉक्टर विचारत होता, चालतात का, झोप लागते का, गोळ्या घेतात का. मध्ये एका औषधाचं लांबलचक नाव आलं आणि तिच्या डोक्यावरून गेलं. पूर्वी ती तिथेच अडकून पडली असती. आता तिने ते जाऊ दिलं, हात किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे, आणि पुढचं ऐकत राहिली.

रेकॉर्डिंग संपलं. तिने सांगायला सुरुवात केली आणि पाणी वाहावं तशी सांगत गेली. शेवटी म्हणाली, "एका औषधाचं नाव मला कळलं नाही. खऱ्या पेशंटसमोर असते तर मी डॉक्टरांना पुन्हा विचारलं असतं. अंदाजाने सांगितलं नसतं."

मुख्य बाईंनी चष्मा लावून काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "तिचा नवरा गोळ्या घेतो का?"

पुन्हा गोळ्याच! तिला एकदम स्वयंपाकघर दिसलं, मटार दिसले, आणि हसू यायला लागलं.

"ती 'घेतात' म्हणाली. मी 'घेतात' एवढंच सांगेन, पदरचं काही घालणार नाही. पण तुम्ही मला विचारलंत म्हणून सांगते. पहिल्यांदा विचारल्यावर ती बराच वेळ गप्प होती. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, गोळ्या डबीत आहेत. डबीत असणं वेगळं आणि घेणं वेगळं. आणि ती गप्प बसली होती ना, तेही मी भरून काढणार नाही. डॉक्टरांना ते तसंच ऐकू जायला हवं."

तरुण डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली. मग मुख्य बाईंनी चष्मा काढला.

"मागच्या वेळी तुम्ही मला अकरा पानं वाचून दाखवली होतीत."

"बारा," ती म्हणाली.

बाई मोठ्याने हसल्या. निकाल दुपारी बारालाच दारावर लावला. सतरा जणांत ऐकण्याच्या भागात पहिली! तिने यादी दोनदा वाचली, मग बोट ठेवून तिसऱ्यांदा. तिचं पूर्ण नाव तिथे छापलं होतं, आणि ते तिला अतिशय देखणं वाटलं. पायऱ्या ती दोन-दोन करत उतरली. वय काय, धावतेय काय! बसच्या थांब्यावर ओळख ना देख अशा एका बाईला तिने सांगून टाकलं, "मी पास झाले!" आणि त्या बाईनेही तिचा हात धरून गदागदा हलवला.

घरी ती एरवी सहाला यायची. आज एक वाजला होता. किल्लीने दार उघडून ती आत आली, ओरडायला तोंड उघडलं, आणि तशीच उभी राहिली.

सासूबाईंनी दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या होत्या. हातात पिवळा गुंडा, आणि त्या तो उलगडून खुर्च्यांच्या पाठींभोवती फेरे घालत होत्या. गुंड्याची पुन्हा लडी होत होती. प्रत्येक फेऱ्याला त्या खुर्चीची पाठ धरून जरा टेकत, कंबरेवर हात दाबत, आणि मग पुढचा फेरा.

तीच लोकर होती! रोज संध्याकाळी गुंडा आणि रोज दुपारी लडी. अडीच महिने.

"आई."

सासूबाई दचकल्या. हातातला गुंडा पडून टेबलाखाली गेला.

"तुम्ही विणणार होतात ना?"

"मला कुठे येतंय विणायला!" चोरी पकडल्यासारखा त्यांचा आवाज चढला. "आणि तू एवढ्या लवकर कशी?"

"आज तर परीक्षा होती. आज कशाला केलीत?"

"हाताला सवय लागलीय," सासूबाई म्हणाल्या. "आणि म्हटलं, तू आल्यावर काय झालं ते सांगशील. तू नुसती बसून सांगतेस कुठे नीट?"

ती खाली बसली, गुंडा शोधून काढला, अर्धीमुर्धी लडी खुर्च्यांवरून उतरवून स्वतःच्या मनगटांवर चढवली आणि हात पुढे केले. सासूबाई समोर बसल्या आणि धागा ओढायला लागल्या.

"हं. काय म्हणाले?"

तिने पहिल्यापासून सांगितलं. कोरे कागद, पेन्सिल, गोळ्यांची डबी, बारा पानं. मग दारावरची यादी. "सतरा जणांत पहिली," ती म्हणाली, आणि सासूबाईंचा हात थांबला. त्या गप्प झाल्या. बराच वेळ गप्प होत्या. तिने एक शब्द मध्ये घातला नाही, ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

मग सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, धागा पुन्हा ओढला आणि म्हणाल्या, "परत सांग. पहिल्यापासून."

परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच वाजवतात. घरी त्या दुपारी तिने ते तीनदा सांगितलं.