नऊ वर्षांच्या साक्षीदाराची शपथ

राखी शाम राठोड, वय नऊ, इयत्ता चौथी. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ती उभी राहिली तेव्हा कठड्यावरून तिचे डोळे तेवढे दिसत होते. शिपायानं लाकडी पेटी आणून तिच्या पायाखाली दिली.

तीन वर्षांपूर्वी फुलसावंगीच्या रस्त्यावर एका पिकअपनं तिच्या आजीला, बसंतीबाईंना, उडवलं. त्यात त्या गेल्या. ती गाडी आपली नव्हतीच, असं चालकाचं म्हणणं होतं. पाहणारी एकटी राखी. तिची साक्ष नाकारली असती, तर खटल्यात काहीच उरत नव्हतं.

आरोपीच्या वकिलांनी हरकत घेतली. "पोर लहान आहे. घरच्यांनी पढवून आणलेली."

"साक्षीला वयाची खालची मर्यादा कायद्यात नाही," न्यायाधीश म्हणाल्या. "तिला प्रश्न कळतात का, एवढं पाहायचं." त्या राखीकडे वळल्या. "खोटं बोललं तर काय होतं?"

"मार बसते."

"कोणाचा?"

"घरी दादाचा. इथं तुमचा असन."

मागच्या बाकावर तिचे हे दादा, म्हणजे आजोबा रामलाल, खाली मान घालून बसले होते.

"इथं काय सांगायचं, ते कोणी शिकवलं?"

"कोणी बोलूच देत नाही. मी दादीचं नाव काढलं का दादा उठून बाहेर जाते."

"काहून?" वकिलांनी मध्येच विचारलं.

"त्यायलेच इचारा ना. ते काय बसले."

रामलाल एकतीस वर्षं बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे वस्तीचे प्रमुख, होते. तंटा सोडवताना त्यांचा एक नियम असे: ज्याची साक्ष व्हायची आहे, त्याच्याशी घरच्यांनी त्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. स्वतःच्या घरात त्यांनी तो तीन वर्षं पाळला. बायकोसाठी नातीजवळ बसून एकदाही रडले नाहीत.

वकिलांनी दुसरा मुद्दा काढला. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल तर शपथेविना साक्ष घेता येते. निदान शपथ तरी देऊ नये.

"शपथ म्हणजे काय गं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तांड्यात सेवालाल महाराजाच्या नावानं घेते. घेतली का मंग आपल्याच मानसाच्या इरुद्ध असलं तरी खरं सांगा लागते."

"तू घेशील?"

"मंग आली कायले?"

न्यायाधीशांनी टंकलेखकाला मजकूर सांगितला: साक्षीदारास प्रश्न समजतात, शपथेचा अर्थ समजतो, शपथ देण्यात यावी.

राखी शपथेचे शब्द म्हणू लागली तसे रामलाल उठून उभे राहिले.

"बसा बाबा," शिपाई म्हणाला.

"माही नात शपथ घेऊन राह्यली," ते म्हणाले, आणि शपथ पुरी होईपर्यंत उभेच राहिले.

साक्ष अठ्ठावीस मिनिटं चालली. राखीनं एकदाही मागच्या बाकाकडं पाहिलं नाही.