काठवट दवाखान्यात गेली त्याची गोष्ट

मी बोलतेय ती बाभळीची काठवट. मला तोंड नाही, पण हातांची ओळख माझ्याइतकी कुणाला नसेल. ज्या बाईनं माझ्यात भाकरी थापली, ती आज रडून आलीय का भांडून आलीय, हे मला तिच्या नवऱ्याच्या आधी कळतं. आजवर दोन बायकांनी मला वापरलं. त्यातल्या दुसरीच्या हातांची ही हकीकत. ती सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

अक्कलकोटच्या पुढं एक गाव आहे. तिथं निम्मी माणसं मराठीत बोलतात, निम्मी कानडीत, आणि भांडताना सगळीच दोन्हीत. त्या गावच्या तिप्पण्णा सुतारानं मला घडवलं. विहिरीवरची बाभळ पडली होती, तिचं खोड त्यानं दोन पावसाळे तसंच वाळू दिलं, मग वाकसानं पोखरायला घेतलं. आठ दिवस लागले. रोज संध्याकाळी माझ्या पोटात हात फिरवून बघायचा, कुठं सल टोचला की परत तासायचा. मी झाले ती एकट्या बाईनं दम धरून उचलावी एवढी जड.

रत्नम्माच्या लग्नात माहेरच्यांनी मला दिलं आणि तिच्याबरोबर मी सोलापुरात आले. तिचा नवरा गुरुसिद्धप्पा लवकर गेला. एकुलता नंदीश तेव्हा शाळेत होता. रत्नम्मानं पदर खोचला आणि कडक भाकरीचा धंदा काढला. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर पापडासारखी कडक करायची. महिनाभर टिकते. नव्या पेठेतल्या दुकानांत आमच्या भाकरीच्या थप्प्या जायच्या.

त्या घरची एक रीत होती. काठवट एकीच्याच हातात. सासूनं ती सुनेला दिली की दिली, परत मागायची नाही. नंदीशचं लग्न होऊन शिवलीला घरात आली, तेव्हा वर्षभर रत्नम्मानं तिला फक्त पीठ चाळायला लावलं. मग एका सोमवारी माझ्या काठाला विभूतीची तीन बोटं ओढली, मला तिच्या पुढ्यात सरकवलं आणि म्हणाली, "घे. आता तू आणि ती."

काय हात होता पोरीचा! दोन्ही पंजांनी थापायची, भाकरी आपोआप गोल फिरायची, काठ कुठं फाटायचा नाही. सोळा वर्षं आमचं छान चाललं. रत्नम्मा शेजारी बसून तवा सांभाळायची आणि खोड्या काढायची. सून ऐकून घ्यायची, आणि एखादा टोला परतही द्यायची.

तिच्या कोपरांवर चट्टे उठले, ते कधी हे मला नीट आठवतं. दिवाळी नुकतीच झाली होती. लालसर चट्टे, वर चांदीसारखे पांढरे पापुद्रे. केसांतही कोंड्यासारखं काहीतरी व्हायला लागलं. त्वचेच्या दवाखान्यात जाऊन आली, तिथं सोरायसिस म्हणून सांगितलं, मलम दिलं.

रत्नम्माला नाव कळलं नाही, पण धास्ती कळली. "हे बघ, गिऱ्हाईकाला दिसलं तर आपली भाकरी कोण खाईल? भाईर एक शब्द काढायचा न्हाय."

शिवलीलानं काढला नाही. तिनं लांब बाह्यांचे झंपर शिवले. उन्हाळ्यात चुलीपुढं बाही वर घ्यावीच लागायची, तेव्हा कुणी दारात आलं की पटकन मूठभर पीठ कोपराला फासायची. भाकरीवालीचं कोपर पांढरं असायचंच, कोण विचारतंय! एकदा झाकायची सवय लागली, मग ती मोडवेना.

मग वर्षभरानं मला दुसरंच काही जाणवायला लागलं. पहाटेची पहिली भाकरी वाकडी व्हायची. दुसरीही, तिसरीही. थापेत जोर नाही, बोटं टेकायची तर टेकत नाहीत, नुसता तळवा पडतोय. नऊ-दहा भाकऱ्या झाल्या की हात हळूहळू मोकळा व्हायचा, मग पुन्हा गोल. नखांवर बारीक बारीक खड्डे पडले होते, सुईनं टोचल्यासारखे. त्या खड्ड्यांत पीठ अडकायचं. आणि डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मुळापासून शेंड्यापर्यंत सुजून बसलेलं. जोडवी बसेनात म्हणून काढून ठेवली, कारण पायाच्या एका बोटाचंही तेच.

ती हाडांच्या डॉक्टरकडं गेली. लांब बाह्यांचा झंपर घालून. त्यांनी विचारलं, काय काम करता? भाकरी थापते म्हणाली. "मग दुखणारच," म्हणून त्यांनी तेल आणि दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या. कोपराचं तिनं सांगितलं नाही, कारण ते बाहेर बोलायचं नव्हतं. आणि त्वचेच्या डॉक्टरकडं बोटांचं सांगितलं नाही, कारण तिला वाटलं, कातडीच्या डॉक्टरणीला बोटं दाखवली तर त्या हसतील. अशी दोन वर्षं गेली. एकाकडं निम्मी शिवलीला जायची, दुसऱ्याकडं निम्मी.

उघडं पडलं ते मायाक्कामुळं. मायाक्काची खाणावळ आहे, आमच्या निम्म्या भाकऱ्या तीच उचलायची. एक दिवस सांगावा न देता मागच्या दारानं आत आली आणि तिनं पीठ लावायच्या आधीचं कोपर बघितलं.

"अगं बाई! हे काय म्हणायचं? असल्या हाताच्या भाकरी माझ्या गिऱ्हाईकाला घालतेस व्हय?"

"मायाक्का, ते लागत न्हाय कुणाला," शिवलीला म्हणाली.

"तुला कसं ठावं? तू डॉक्टरीण हायस का?"

मायाक्का रिकाम्या हातानं गेली. रत्नम्मानं तव्याखालचा जाळ मागं ओढला. मग उठली, मला शिवलीलापुढनं उचललं आणि भिंतीला उभं केलं. "आजपास्नं तू हात लावू नगंस."

जिथं परत मागायची नाही, तिथं सासूनं मागितलं. शिवलीला पीठ भरलेले हात तसेच मांडीवर ठेवून बसली. संध्याकाळी नंदीश दुकानातनं आला. त्यानं एकदा आईकडं बघितलं, एकदा बायकोकडं, आणि म्हणाला, "मला जेवायला वाढणार हाय का कोण?" दोघींनीही वाढलं नाही.

पाच दिवस मी भिंतीला उभी होते. रत्नम्मानं स्वतः थापायचा प्रयत्न परातीत केला, माझ्यात नाही. मला हात लावायलाही ती भ्यायली होती. कुणीतरी तिच्या मनात भरवलं होतं की असला आजार लाकडात मुरतो. मला चुलीत घालावं, का उन्हात ठेवावं, का नदीत सोडावं, तिचं ठरेना. माहेरची आठवण जाळायची कशी? सहाव्या दिवशी तिनं मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, नंदीशला रिक्षा आणायला लावली आणि सुनेला म्हणाली, "चल, तुझ्या त्या कातडीच्या डॉक्टरणीलाच इचारते."

मी आयुष्यात पहिल्यांदा रिक्षात बसले. दोघींच्या मांड्यांवर आडवी.

दवाखान्यातल्या डॉक्टर इंद्रायणी वयानं लहान, पण आवाज ठाम. रत्नम्मानं मला त्यांच्या टेबलावर दाणकन ठेवलं आणि लुगडं सोडलं.

"बाई, हिचा रोग ह्या लाकडात गेलाय का, तेवढं बघून सांगा. गेला असंल तर जाळते."

डॉक्टरबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग रत्नम्माकडं. हसू दाबलं. "आजी, सोरायसिस माणसातनं माणसात जात नाही, लाकडात कुठनं जाईल? शरीराची राखण करणारी ताकद चुकून आपल्याच कातडीवर उठते, त्याचे हे चट्टे." आणि त्यांनी शिवलीलाचं कोपर उघड्या हातानं धरलं, अंगठा फिरवला. रत्नम्मा बघत राहिली. "काठवट खुशाल घरी न्या. उचला, मला कागद ठेवायला जागा द्या."

शिवलीला पुढं झाली. तिनं मला बोटांनी धरलंच नाही. दोन्ही मनगटांत अडकवून, छातीला टेकवून उचलायला गेली आणि तिच्या तोंडातनं बारीक 'आई गं' बाहेर पडलं.

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बोटं दाखवा."

"बोटांचं दुसऱ्या डॉक्टरकडं चालू हाय, बाई."

"दाखवा तर."

त्यांनी नखं उजेडात धरली. सुजलेलं बोट दाबलं. चप्पल काढायला लावून पायाचं बोट बघितलं. "सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात?"

शिवलीलानं हात पदराखाली घेतले. सवयच झाली होती तिला. बोलली ती रत्नम्मा. "मी सांगते. पयल्या धा भाकरी वाकड्या व्हत्यात. अकरावी गोल. गोल तेवढ्या दुकानात जात्यात, वाकड्या आमी घरात खातो. दोन वरसं झाली वाकड्या खातोय, बाई."

"म्हणजे तासभर तरी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "झिजलेला सांधा काम केल्यावर जास्त दुखतो. हिचा कामानं मोकळा होतो. आजी, हे भाकरी थापून झालेलं नाही. जो आजार कोपरावर दिसतोय, तोच सांध्यांत शिरलाय. सोरायसिसच्या काही लोकांना असा संधिवात होतो. आणि अंगावर चट्टे आहेत हे हाडांच्या डॉक्टरांना सांगितलं होतं का?"

शिवलीलानं मान खाली घातली. रत्नम्मानंही. "मीच सांगू नगं म्हनले," सासू म्हणाली. तिच्या तोंडून चूक कबूल झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मग एक्स-रे झाले, रक्त तपासलं, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवलं. एक गोळी सुरू झाली, आठवड्यातनं एकदाच घ्यायची. दुसऱ्या एका दिवशी छोटी पिवळी गोळी, पहिलीचा त्रास होऊ नये म्हणून. ठरलेल्या वेळी रक्ततपासणी, यकृत ठीक आहे ना बघायला. मूल हवं असेल तर आधी सांगायचं, असंही डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा शिवलीला लाजून म्हणाली, "आता कुटलं, बाई. पोरगी बारावीला हाय की!"

रत्नम्मानं घरी विचार केला. "आटवड्यातनं एकच? रोज दिली तर लवकर गुण येईल की गं." बरं झालं, तिनं ते फोन करून विचारलं. पलीकडनं डॉक्टरबाईंचा आवाज एवढा चढला की मलाही ऐकू आला. रोज घेतली तर जीवावर बेतेल! तेव्हापासून गोळीचा वार सोमवार. देवपूजा, जेवण, मग गोळी, आणि रत्नम्मा समोर उभी.

मी परत चुलीशी आले. रत्नम्मानं आपल्या हातानं मला शिवलीलापुढं ठेवलं. मायाक्काकडंही ती स्वतः गेली. "डॉक्टरणीनं उघड्या हातानं बघितलंय. तुला भ्या वाटत असंल तर दुसरीकडनं घे. माझी सून काय कुटं जात न्हाय." आठ दिवसांनी मायाक्का परत आली. दुसरीकडची भाकरी तिच्या गिऱ्हाइकांना आवडली नव्हती.

तीन-चार महिन्यांत गुण आला. वाकड्या भाकऱ्या दहाच्या सहा झाल्या, सहाच्या दोन. कोपरं साफ झाली. आणि तिथंच शिवलीला चुकली. कातडी स्वच्छ झाली म्हणजे आजार गेला, असं तिनं धरलं. सिद्धेश्वराच्या यात्रेची गर्दी होती, रत्नम्माला ताप होता, लक्ष ठेवायला कुणी नव्हतं. सोमवारची गोळी घेणं तिनं बंद केलं. रत्नम्मा बरी झाली तरी तिला 'घेतली' म्हणूनच सांगायची.

मला कळलं. पहिली भाकरी वाकडी. मी ओरडू कशी?

दोन महिन्यांनी ते डावं बोट पुन्हा टम्म सुजलं, ह्या वेळी वाकूनच बसलं. रत्नम्माच्या हाती गोळ्यांची भरलेली पाकिटं लागली.

"हे काय गं?"

"अत्ती," सासूला ती अशीच हाक मारायची, "अंगावर एक डाग न्हाई. उगं कशाला इष खायचं म्हनून..."

"अंगावर न्हाई, मग हितं काय हाय?" रत्नम्मानं तिचं बोट धरलं. मग रागानं नाही, दमल्यासारखी खाली बसली. "मी झाकायला लावलं तवा दोन वरसं गेली. आता तू माझ्यापासनं झाकतीस. अजून किती बोटं घालवायची, सांग."

शिवलीला तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. मला नेलं नाही, गरज नव्हती. उपचार पुन्हा सुरू झाले, आणि गोळी कमी करायची, बदलायची तर डॉक्टरनं, असं ठरलं. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटांचे व्यायाम झाल्याशिवाय चूल पेटत नाही. बाकीची नऊ बोटं मोकळी झाली. ते एक मात्र वाकडंच राहिलं. आतला सांधा आजारानं खाऊन टाकला होता, डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं.

आता मी म्हातारी झालेय. माझ्या काठाला बारीक तडा आहे. शिवलीला तळव्यानं थापते, भाकरी पूर्वीसारखीच फिरते. लांब बाह्यांचे झंपर तिनं भांडी पुसायला काढले.

मागच्या आठवड्यात भाकरी न्यायला एक पोरगी आली. कॉलेजातली असेल. कडक उन्हात स्वेटर घातलेला. पिशवीचे बंद तिनं बोटांनी धरले नाहीत, मनगटात अडकवले. शिवलीलानं थापणं थांबवलं. तिला आत बोलावून माझ्याशेजारी बसवलं. काही न विचारता आपलं कोपर उघडं करून दाखवलं, मग ते डावं बोट तिच्यापुढं धरलं.

"बघ बाळ. हे मी झाकलं, म्हनून हे वाकलं. डॉक्टरपुढं दोनी सांग. आजच जा."

पोरीनं बराच वेळ ते बोट बघितलं. मग हळूच स्वेटरची बाही वर केली.