पोटावरून गालावर

मी एक जुनी चरबी आहे. नाक मुरडू नका मित्रांनो, ते मी जन्मभर पाहत आले आहे. एका बस ड्रायव्हरच्या पोटावर मी वाढले. दिवसभर बसून काम, दोन फेऱ्यांच्या मध्ये चहाबरोबर काहीतरी तळलेलं, त्यातूनच माझी घडण झाली. त्याची बायको म्हणायची, "आधी पोट घरात येतं, मागून हे." तोही हसायचा आणि पट्टा एक भोक सैल करायचा. माझं कौतुक कधी कुणी केलं नाही.

मग त्याच्या गालात गाठ निघाली. शस्त्रक्रियेने गाठ गेली, जीव वाचला, पण तो गाल पार खोल बसला. त्याची लहानगी चिमी त्याला भिऊ लागली. बाप घरात आला की ती आईच्या मागे लपायची. तो तिच्याकडे पाठ करून जेवायचा.

तेव्हा माझी आठवण झाली. डॉक्टर मॅडमनी बारीक नळीने मला पोटातून ओढून घेतलं, स्वच्छ केलं आणि थेंबाथेंबाने त्या गालात भरलं. त्याला बजावलं, "या गालावर दाब नको. नव्या जागी रक्त पोचेपर्यंत हिला जपायचं. थोडी विरघळणारच, पण उरलेली टिकेल." मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

गाल भरलेला पाहून चिमी एका दुपारी, बाप आडवा झाला असताना, पलंगावर चढली. बोटाने तो गाल चाचपला आणि त्यावरच आपला गाल टेकून झोपी गेली. नेमकी माझ्यावर.

"अहो, बाजूला करा तिला," बायको कुजबुजली.

"राहू दे. आत्ता कुठे जवळ आलीय. उठवलं तर परत यायची नाही."

मग ती रोज दुपारी तशीच झोपू लागली. मी गुदमरत होते. माझा बराचसा भाग तिथेच मेला. मला ओरडता आलं असतं, तरी ओरडले असते का, कोण जाणे.

तपासणीच्या दिवशी चिमी त्याच्या मांडीवर होती. गाल पुन्हा बसलेला पाहून मॅडमनी विचारलं, "दाब पडत होता का?"

"नाही हो," तो म्हणाला.

"मी झोपते ना रोज इथे," चिमी त्याच्या गालावर बोट ठेवून कौतुकाने म्हणाली.

मॅडमनी बापाकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. तेवढ्यावरून पोर काय ते समजली.

पुन्हा भरता येईल, पोटावर अजून आहे, असं मॅडम म्हणाल्या. पण मला हळहळ वाटते ती गालाची नाही. 'बाळा, या बाजूला ये, तिकडे दुखतं,' एवढं त्याने पहिल्याच दुपारी म्हटलं असतं, तर तिने ऐकलं असतं. मित्रांनो, आपलं दुखणं मायेच्या माणसापासून लपवू नका. आणि कुणाची जखम भरत असेल, तर बिलगण्याआधी विचारा.

आता चिमी पलंगाच्या कडेला बसते, हात मांडीवर घेऊन. तो चांगला गाल पुढे करून म्हणतो, "ये गं, या बाजूला ये."

"नको बाबा," ती म्हणते, "मोडेल."