अण्णाप्पाचा तिसरा सेट

वॉकीटॉकी घ्यायची ठरली ती मोटरीपायी. गेल्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा अण्णाप्पा उसात होता आणि घाटालगतची त्याची पाणी उपसायची मोटर पाण्याखाली. दिवाळी झाली तरी ती दुरुस्तीतच. घाटावरच्या दगडी नंदीच्या खुराला पाणी लागलं की मोटर वर काढायची, हा गावाचा नियम. नंदी दिसायचा घरी त्याच्या बायकोच्या, महादेवीच्या खिडकीतून, आणि रान मैलभर लांब. मोबाइल तेव्हा गावात एकट्या कारखान्याच्या संचालकाकडे होता. त्यालाही बोलायला गच्चीवर चढावं लागे.

"तू बघायचं, मला सांगायचं. नवराबायकोत बोलणं नको व्हय?" अण्णाप्पा म्हणाला.

वीस वर्षांच्या संसारात ही इच्छा त्याला पहिल्यांदाच झाली होती. महादेवीनं मनातल्या मनात शिवाचे आभार मानले.

तिचा एक नेम होता. उठल्यापासून इष्टलिंगाची पूजा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पूजा संपायला आठ वाजत. अण्णाप्पाला सहाला चहा हातात मिळे, भाकरी हातात मिळे, आणि बोलण्याचं काम तो दोघांच्या वतीनं एकटाच करी. त्यामुळे बायको सकाळी बोलत नाही, ही बारीकसारीक गोष्ट त्याच्या ध्यानात यायची राहून गेली होती.

यंदाचा पावसाळा लागला तसा पहिला पिवळा सेट कोल्हापुरातून, शाहूपुरीतल्या एका दुकानातून आला. काउंटरच्या दोन टोकांना उभं राहून अण्णाप्पा आणि दुकानदार एकमेकांशी बोलले. आवाज अगदी स्वच्छ आला. यंत्र नसतं तरी आला असता. जोडीतला एक सेट घरी विभूतीच्या डबीशेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी सातला तो ओरडला, "महादेवी! आलाय का आवाज? बोल की गं!"

महादेवीच्या तळहातावर लिंग होतं. ती बोलली नाही. दुपारी अण्णाप्पा सेट पिशवीत घालून तो बदलून आणायला निघाला.

"अवो, सकाळी मी—"

"तू थांब. तुला ह्यातलं काय कळतंय?"

काळा सेट आला. सकाळी तेच, दुपारी तेच. दुकानदार म्हणे म्हणाला, "पावणं, उसाची आडकाठी येती. लांब एरियलचा घ्या." तिसरा सेट वीतभर एरियलचा, पट्ट्याला अडकवायचा. तो लावला की अण्णाप्पा कमरेपुरता तरी फौजदार दिसे.

तिसऱ्या सकाळी महादेवीनं लिंगावर पाणी घातलं, सहज खिडकीबाहेर पाहिलं, तर नंदीचे खूर भिजलेले.

"महादेवी! ह्यो तर लांबचा सेट हाय! आता तरी बोल!" सेट गरजला आणि गरजतच राहिला. बटण दाबून धरलं की समोरच्याचं ऐकू येत नाही, असं दुकानदारानं बजावलं होतं. ती सूचना इतर गिऱ्हाइकांसाठी असावी.

एकीकडे वीस वर्षांचा नेम, दुसरीकडे मोटर. शब्द ओठांवर आला. तेवढ्यात तिची नजर पूजेच्या घंटेवर गेली.

ती थांबली. तंबाखू मळायला माणसाला दोन्ही हात लागतात, हे तिला ठाऊक होतं. आवाज बंद झाला, तसं तिनं बटण दाबलं आणि घंटा वाजवली. हात दुखेपर्यंत वाजवली.

सोडल्याबरोबर सेटमधून आरोळी आली, "गुंडू! हिकडं ये!" गुंडू म्हणजे शेजारच्या रानातला. "घंटा ऐकलीस? नरसोबाच्या वाडीची! काय पल्ला हाय सेटचा!"

"वाडीची?" गुंडूचा आवाज. "आरं, तिथं देवळात कालधरनं पाणी हाय. घंटा वाजवाय कोण पोहत गेलंय?"

थोडी खरखर.

"वाडीत पाणी, म्हंजे आपला नंदी—" गुंडू म्हणाला.

"मोटर!" अण्णाप्पा किंचाळला.

ट्रॅक्टर आला, साखळी लागली, आणि नंदीचे गुडघे बुडता बुडता मोटर वर आली. महादेवीनं शेवटचं बेलाचं पान वाहिलं, नमस्कार केला, सेट उचलला. खिडकीतून दिसत होतं, खाली घाटावर अण्णाप्पा चिखलानं भरलेला, गुंडूला एरियल दाखवत होता.

"अवो," ती हळूच म्हणाली. "घंटा माझी हुती. पूजा झाल्याबिगर मी बोलत न्हाय."

अण्णाप्पानं सेट तोंडाशी नेला. "न्हाय? कधीधरनं?"

"लगीन झाल्याधरनं."

आणि दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे तिनं बटण सोडलं, त्याला बोलता यावं म्हणून.

पलीकडून काहीच आलं नाही. सेटचा दोष नव्हता. दोघांत जेमतेम पन्नास पावलं होती.