मालकीणबाई बसल्या की गोल होतो

मी खुर्ची बोलतेय. साधीसुधी नव्हे, फुटबॉल संघाच्या मालकीणबाईंची खुर्ची. गुबगुबीत गादी, रुंद हात, वर डोकं टेकायला उशी. मला पाहिलं की कुणालाही बसावंसं वाटावं, अशा थाटात मला घडवलं होतं. नशीब मात्र कुणी घडवलं, देव जाणे.

मालकीणबाईंची मूळची लाँड्री. एका दुकानाची पुढे मोठी कंपनी झाली, तरी या संघाचे कपडे त्या स्वतःच्या नजरेखाली धुऊन घ्यायच्या. संघ सतत हरायचा. शेवटी तो बंद पडायची वेळ आली, तेव्हा बाईंनी तो चक्क विकत घेतला. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं यांचा चिखल धुतलाय, आता वाऱ्यावर सोडवत नाही."

मग मी आले. मैदानाच्या वरच्या काचेच्या खोलीत मला मानाने ठेवलं. पहिल्या सामन्याला बाई ऐटीत माझ्यावर बसल्या आणि समोरच्यांनी गोल केला. बाई संतापून उठल्या, तर आपल्या पोरांनी तो फेडला. हुश्श करून बसल्या, पुन्हा गोल खाल्ला. सामना हरल्यावर कप्तान चाचरत वर आला.

"मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही बसत जाऊ नका ना."

बाई खो खो हसल्या. पण पुढच्या सामन्याला उभ्या राहिल्या आणि संघ जिंकला. झालं! बसायला कायमची बंदी. चार पाय असून माझा पायगुण वाईट ठरला, आता काय बोलायचं? गोलकीपर तर खेळ सुरू होण्याआधी मान वर करून खात्री करून घ्यायचा. दुसरं कुणी माझ्यावर बसायची हिंमत करेना. बसल्या त्या पर्सा, ओल्या छत्र्या, आणि एकदा सेक्रेटरींचं अर्धं खाल्लेलं सँडविच. मी मनातल्या मनात कुढायची.

संघ वर चढत गेला. त्या कमाईतून बाईंनी हातपाय आणि गुडघे मोडलेल्यांसाठी मोफत दवाखाना काढला. उद्घाटनाला उभ्या, बक्षीस समारंभाला उभ्या, सामन्याला तर उभ्याच. दुसऱ्यांचे गुडघे दुरुस्त करता करता स्वतःचा उजवा गुडघा कामातून गेला. त्यांचेच डॉक्टर त्यांच्यापुढे हात टेकायचे. दवाखाना सांभाळणारी त्यांची मुलगी चिडायची.

"आई, बस गं जरा. खेळतात ते, तू नाही."

"मी बसले आणि आपण हरलो, तर त्यांना तोंड कसं दाखवू?"

"आणि पाय कायमचा गेला तर?"

बाई काचेला नाक लावून उभ्याच. मला तेव्हा स्वतःच उठून त्यांच्या पाठीमागे सरकावं असं फार वाटायचं, पण खुर्चीच्या जातीला तेवढंच जमत नाही.

मागच्या हंगामात मात्र संघाची गाडी घसरली, आणि शेवटचा सामना आला. हरलो तर खालच्या गटात घसरणार, बरोबरी झाली तरी वाचणार. बरोबरीच चालली होती, आणि सामना संपत आलेला असताना बाईंचा गुडघा दगा देऊन गेला. धप्पकन त्या माझ्या मांडीवर! इतक्या वर्षांनी कुणीतरी बसलं, पण मला कसला आनंद व्हायचा? बाई कळवळत होत्या. खाली गोलकीपरने नेमकं वर बघितलं आणि तो थिजला. चेंडू त्याच्या शेजारून आरामात आत गेला.

सगळं मैदान आमच्याकडे बघू लागलं. कप्तान दोन्ही हातांनी 'उठा, उठा' करत होता. मुलगी आईला सावरताना रडकुंडीला आली. बाईंनी समोरचा, मैदानावर घोषणा करायचा माईक ओढला.

"माझ्याकडे काय बघताय? गुडघा माझा गेलाय, तुमचे शाबूत आहेत. पळा की!"

पळाले बिचारे. असे पळाले की शेवटच्या क्षणी कप्ताननेच चेंडू जाळ्यात मारला. बरोबरी! संघ वाचला. बाई बसल्या बसल्या माझ्या हातांवर थापा मारत होत्या. तेवढ्यात घामाने निथळणारा कप्तान धावत वर आला.

"मॅडम, आता उठत जाऊ नका हं."

"चल, नीघ इथून!" बाई कडाडल्या. "तुमच्या नादात एक गुडघा घालवला, दुसरा नाही घालवणार."

त्याच आठवड्यात त्यांच्याच दवाखान्यात त्यांची शस्त्रक्रिया झाली, आणि मलाही तिथल्या व्यायामाच्या खोलीत हलवलं. नवा गुडघा घातलेल्यांनी माझ्यावर बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. दिवसभर मला क्षणाची उसंत नसते. बाईही रोज येतात. सामना असला की मध्यंतरात कप्तानचा मुलीला फोन येतो, "मॅडम आत्ता बसल्यात की उठल्यात?" मुलगी वाट्टेल ते ठोकून देते. संघ कधी जिंकतो, कधी हरतो.

काल बाई माझा हात न धरता उठल्या. मुलीने टाळ्या वाजवल्या. मला जरा हुरहूर लागली, खोटं कशाला बोलू? आता त्यांचं इथे येणं थांबेल, त्या मैदानावर जातील. जा बाई, हवं तेव्हा उभ्या राहा. पण दमलात की तिथे जी कुठली खुर्ची असेल तिच्यावर खुशाल बसा, सामना ऐन रंगात असला तरी. गोल झालाच, तर खापर माझ्यावर फोडा. मी लाकडाची आहे, मला सोसेल.