निळ्या जबड्यांचे बोंबील

सातपाटीच्या जमनाचे सुके बोंबील डोळे झाकून घ्यावेत, असा पालघरच्या बाजारात लौकिक होता. त्या वर्षी मात्र तिने वाळवणासाठी बोईसरच्या कारखान्यातला निळा नायलॉनचा दोर आणला आणि त्याचा रंग सुटून बोंबलांचे जबडे निळे होऊन बसले. दर पावसाळ्याची बेगमी तिच्याकडूनच नेणारी डोंगरातली नवसी एकेक बोंबील उलटून पाहत म्हणाली, "जमने, माशी बसू नये म्हणून अवशीद मारतेस काय?" आणि पुढच्या पाटीकडे गेली. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक ते. जमनाला रात्री जेवण गेलं नाही.

तिने शाळेतल्या मास्तरांकडून कारखान्याला तीन पत्रं लिहून घेतली. उत्तर एकाचंही नाही. तेव्हा एका सकाळी ताज्या बोंबलांची पाटी आणि दोराचं उरलेलं वेटोळं घेऊन ती थेट बोईसरला गेली. फाटकाच्या दोन खांबांना दोर ताणून बांधला आणि घरच्या अंगणात असल्यासारखी, जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या टांगू लागली. पहारेकरी रामकिसन पक्का शाकाहारी. तो नाकाला रुमाल लावून दुरूनच "माई, ये क्या कर रही हो" करत राहिला. हात लावायची त्याची छाती होईना. दुपारपर्यंत मालाचा ट्रक आत अडकला, वास वरच्या मजल्यावर पोचला आणि तीन पत्रांना न हललेले मॅनेजर दिनानाथसाहेब जिना उतरले.

त्यांनी नवा दोर देऊ केला, वर नुकसानभरपाईही. जमनाने एक जोडी उतरवून निळसर जबडे त्यांच्यापुढे धरले.

"दोर तुमचा, रंग तुमचा, आन नाव गेलं माजं. बाजारात येऊन सांगा. नायतर उद्या आख्खी वाडी हितं वाळवाया येल."

पुढच्या बाजाराला इस्त्रीच्या शर्टातले साहेब पाट्यांच्या मधोमध उभे राहिले आणि खालमानेने म्हणाले, की रंग आमच्या दोराचा, बाईंचा यात दोष नाही. मागच्या बायकांना ऐकू गेलं नाही, म्हणून साहेबांना ते परत म्हणावं लागलं.

नवसी गर्दीतून पुढे आली, खाली बसली आणि बोंबील भराभर पिशवीत भरू लागली.

"उलटून बघ तरी," जमना म्हणाली.

"कशाला?" नवसी म्हणाली आणि भरतच राहिली.